भाऊसोंचा फेटा आणि माझी चिमटी

रहिमतपूर

तीर्थस्वरूप दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, कृष्णातचा, रामराम.

आक्काचं गुडघं कसं हाय? द्राक्षाची छाटणी उरकली का? फोनच करणार हुतो, पर माझा आवाज ऐकला की आक्का रडती आणि मंग मलाबी बोलवत न्हाई, म्हणून पत्र. लिहून घेणारी आमची सून पूजा हाय. ती मधीमधी माझं बोलणं सुधारायला बघती, मी सुधारू देत न्हाई.

चार महिन्यांमागं माझ्या उजव्या अंगावरनं वारं गेलं, ते तुमाला ठाऊकच हाय. पाय महिन्याभरात चालता झाला, हात मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयागत मांडीवर बसून राहिला (हे तुमाला उद्देशून न्हाई). जेवायचं अडत न्हाई, रंगू घास भरवती. पर तीस वर्षं गावातल्या एकूणएक नवरदेवाचा फेटा मी बांधला, आणि आता कापडाची निरी चिमटीत धरवंना, ह्याचं लय वाईट वाटायचं. कुणापाशी बोललो न्हाई एवढंच.

मंग सांगलीच्या दवाखान्यात जायला लागलो. तिथं डॉक्टर रूपालीताई डोक्याला चुंबकाचं यंत्र लावत्यात. ते टकटक करतं आणि मी काय न सांगता माझा अंगठा उडतो. पहिल्या दिवशी रंगूनं त्याला हात जोडलं (यंत्राला. मला तिनं लग्नापासनं कवा जोडल्याचं आठवत न्हाई). ताई म्हणाल्या, यंत्र मेंदूला नुसतं जागं करतं, काम तुमीच करायचं. ते करून घ्यायला अंकिता नावाची पोरगी हाय. ती चांगल्या डाव्या हातावर जाड मोजा चढवून बांधून टाकती, म्हंजे सगळं उजव्यानंच करायचं. दोन आठवडं मी मणी उचलून वाटीत टाकत बसलो आणि तिसऱ्या आठवड्यात रुसलो. तिनं विचारलं, मामा, हातानं काय करायला आवडायचं? म्हणालो, फेटा. म्हणाली, मंग उद्या कापड घेऊन या.

आता डोकं कुणाचं? यंत्राच्या रांगंत माझ्याशेजारी भाऊसो बसायचं. साखर कारखान्यातनं निवृत्त, त्यांचं डावं अंग गेल्यालं, तोंड जरा वाकडं. ते म्हणालं, बांधा की. मोजा काढून कामाला लागलो. कापडाचं टोक त्यांनी दातात धरायचं, ते सुटायचं, मंग ते हसायचं आणि आमी पुन्हा पहिल्यापासनं. डाव्या हातानं राबायचं आणि उजव्यानं नुसतं वर हात लावायचा, असं करत पाऊण तासात फेटा झाला. एका कानावर कलंडला हुता, पर अख्ख्या खोलीनं टाळ्या वाजवल्या आणि भाऊसो ताठ होऊन बसलं.

तेवढ्यात यंत्राला त्यांचाच नंबर आला. यंत्राला डोकं मोकळं पायजे. भाऊसो म्हणालं, मानाचा फेटा हाय, बांधल्या बांधल्या उतरवत न्हाईत, घरी देवापुढं उतरवीन. ताईंनी समजावलं, त्यांच्या लेकानं समजावलं, मागं अकरा माणसं ताटकळली. शेवटी भाऊसोंनीच तोड काढली की ज्यानं बांधला त्यानं सोडवला तर अपमान न्हाई. मी उठलो तर अंकितानं माझा डावा हात पुन्हा मोज्यात घातला हुता, आणि ती काढंना. फेट्याचं टोक मीच आत लांब खोचल्यालं. उजवी बोटं घातली, निसटली. पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा अंगठा आणि बोट एकमेकाला लागलं, मधी कापड हुतं, आणि ते ओढलं तसं आलं. दाजी, चिमटी धरली मी. अख्खं कापड भाऊसोंच्या मांडीवर पडलं. मी रडलो, रंगू रडली, आणि फेटा गेला म्हणून भाऊसोबी रडलं.

हल्ली पहिले चार घास मी माझ्या हातानं खातो. बाकी क्षेम. आक्काला माझा नमस्कार सांगा, आणि हे पत्र तिला चष्मा लावून वाचू द्या.

ता. क. शिवतेजच्या लग्नाची पत्रिका पोचली. फेटं तयार शिवलेलं आणणार हाय म्हणं. पाव्हण्यांना खुशाल टोपीगत घाला. पर भाच्याचा फेटा मामा बांधणार. माझ्या हाताला वाईट वाटंल म्हणून तुमी विचारलं न्हाई, ते कळतंय मला. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणखी ता. क. सध्या एका फेट्याला सव्वा तास लागतो. मुहूर्त साडेबाराचा हाय, तर पोराला सकाळी धाला माझ्यापुढं बसवा. मधी उठू देणार न्हाई.

शेवटचा ता. क. दाजी, मी रंगू. ह्यांना भाजी आणायला पाठवून पूजाकडनं लिहून घेती. सव्वा तास खोटं हाय, दोन तास लागत्यात. रोज माझ्याच डोक्यावर बांधत्यात आणि लगेच उतरवू देत न्हाईत, म्हणून मी तांबडा फेटा घालून भाकरी थापती आणि दूधवाला मला रामराम घालतो. तुमी तयार फेटा एक पिशवीत लपवून ठेवा, पर ह्यांना होय म्हणा. न्हाई म्हणालासा तर हे पुन्हा हात मांडीवर टाकून भिंतीकडं बघत बसतील, आणि ते मला दुसऱ्यांदा बघवणार न्हाई. एवढं शिवतेजचं डोकं द्या, म्हंजे माझं सुटंल.