शंभर टक्के विल्हेवाट

ती. गुंडेरावकाकांना,

रेणुकाचा वाकून नमस्कार. (वाकलेलं पत्रातून दिसत नाही, म्हणून लिहून कळवते.) तुमचा गुडघा कसा आहे? नवी म्हैस दूध देते की अजून रुसलेलीच आहे? आणि काकीचा खोकला कसा आहे? शेवटच्या प्रश्नाला "थंडीचा हाय" हे उत्तर नको. ते तिने मला स्वतः दिलेलं आहे, आणि ते देताना ती मध्ये दोनदा थांबली होती.

हे पत्र मोठ्याने वाचू नका. पत्र आलं की तुम्ही चष्मा पुसून गुऱ्हाळात उसाच्या मोळीवर बसता आणि गुळव्यापासून गाडीवानापर्यंत सगळ्यांना ऐकवता. माझ्या नोकरीचं पत्र तुम्ही असंच ऐकवलं होतं, आणि पगाराचा आकडा आला तेव्हा गाडीवानाने "एवढाच?" असं विचारल्याचं मला नंतर कळलं. फोन केला असता, पण फोन तुम्ही स्पीकरवर टाकता आणि चरकाच्या आवाजात "जोरात बोल, जोरात बोल" म्हणता. मला जे सांगायचं आहे ते जोरात बोलण्यासारखं नाही. विषय काकीचा खोकला हाच आहे. पण तिथवर यायला मला पंचायतीचा कचरा, हवा मोजायचं यंत्र आणि आमच्या अध्यक्षांचा सत्कार एवढं ओलांडावं लागेल. धीर धरा.

मी इथे, सीमेवरच्या या पंचायतीत, कंत्राटावर लागले ती दोन कामांसाठी. घराघरातला ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करून घ्यायचा, आणि गावची हवा मोजायची. दोन्ही कामं एकमेकांना धरून आहेत: कचरा उघड्यावर जाळला नाही की हवा सुधारते. (कागदावर हे वाक्य अजूनही खरं आहे.) त्यासाठी पंचायतीने घरटी दोन बकेटा वाटल्या, हिरवी ओल्यासाठी, निळी सुक्यासाठी. वाटून झाल्यावर मी पाहणीला निघाले, तर हिरव्या बकेटीत कुठे वरण होतं, कुठे जनावराची पेंड. निळ्या बकेटीत एका घरी नातू अंघोळ करत होता. नागम्मा म्हणून एक म्हातारी आहे, तिने दोन्ही बकेटा प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवल्या होत्या, नातीच्या रुखवतासाठी. मी समजावायला गेले तर मलाच म्हणाली, "एवढी चांगली बकेट, हिच्यात घाण टाकू व्हय? डोस्कं फिरलंय का तुमच्या पंचायतीचं?" मी मुद्दाम लक्षात ठेवलं की बकेटा गुंडाळलेलं ते प्लास्टिक हाच त्या घरातला एकमेव सुका कचरा होता, आणि तो ती देणार नव्हती.

तरी मी हट्ट सोडला नाही. दारोदार फिरले. मराठीत सांगितलं, कानडीत सांगितलं, जिथे दोन्ही चालेना तिथे दखनीत सांगितलं. ("ये सूका, ये गीला", एवढीच माझी दखनी.) हळूहळू लोक ऐकू लागले, आणि संकटाची खरी सुरुवात तिथे झाली. लोक कचरा एकत्र टाकत होते तेव्हा तो कुणाचाच नव्हता. वेगळा करून दिला तेव्हा तो माझा झाला. पंचायतीची शेड पाउचं, तेलाच्या पिशव्या, फाटक्या चपला आणि थर्माकोल यांनी छतापर्यंत भरली. बाटल्या आणि पुठ्ठा भंगारवाला नेतो. उरलेलं कुणी फुकटही नेत नाही. सिमेंटच्या कारखान्याच्या भट्टीत ते चालतं, पण तो लांब, आणि ट्रकच्या भाड्याचं नाव काढलं की आमच्या सभेत सगळ्यांना एकदम चहा आठवतो. शेडचा प्रश्न मार्चच्या आत सुटला नाही तर कंत्राट पुढे चालू राहणार नाही, असं मला सौम्य शब्दांत कळवण्यात आलं. (सौम्य म्हणजे कानडीत.)

हे सगळं मी येळवशीच्या अवसेला तुमच्या रानात, कडब्याच्या कोपीपुढे रानजेवणाच्या पंगतीत बसून काकीला सांगत होते. तुम्ही पलीकडे होता. माझ्या पानात भज्जी वाढलीत, आंबिलीचा पेला पुन्हा भरलात आणि म्हणालात, "खा मुकाट्यानं. व्हतंय समदं." मला वाटलं, मोठी माणसं असंच म्हणतात.

नंतर थोड्याच दिवसांत शेडवर एक टेम्पो आला. बंद काचेचा, शांत ड्रायव्हरचा. भाव न करता त्याने अर्धी शेड भरून नेली. पुन्हा आला आणि उरलेली नेली. माल कुठे जातो असं मी विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, "पुढं." पुढं म्हणजे कुठं? "रस्ता जातोय तिकडं, मॅडम." मी तंत्र शिकलेली बाई आहे. हे उत्तर अपुरं आहे हे मला त्याच वेळी कळलं होतं. पण शेड रिकामी होती, आणि रिकाम्या शेडकडे बघत प्रश्न विचारणं फार अवघड असतं. मी अहवालात "पुनर्वापरासाठी रवाना" असं लिहिलं. वरून पत्र आलं: सुक्या कचऱ्याची शंभर टक्के विल्हेवाट लावणारी पंचायत म्हणून आमचं कौतुक. अध्यक्षांना शाल, मला नारळ. चौकाचौकांत फ्लेक्स लागले, "स्वच्छ हवा, आमची हवा". एका बाजूला अध्यक्ष हात जोडून, दुसऱ्या बाजूला मी. माझा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला होता, त्यामुळे मी कौतुकाने नव्हे तर संशयाने लोकांकडे बघते आहे असं दिसत होतं.

आता यंत्र. हवा मोजायची ती पेटी दवाखान्याच्या गच्चीवर आहे. दिवाळीनंतर तिचा आकडा बरा होता. येळवशीनंतर तो चढू लागला आणि एका सकाळी दोनशे बारा झाला. मी अध्यक्षांना तातडीने कळवलं. त्यांनी तातडीने तो मोबाईलच्या स्टेटसला ठेवला: "आपली पंचायत २१२, जिल्ह्यात पहिली." संध्याकाळपर्यंत त्यांना अभिनंदनाचे एवढे फोन आले की जास्त म्हणजे वाईट, हे सांगायला मला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं. ते कळल्यावर त्यांनी स्टेटस काढलं आणि पेटीवर ताडपत्री टाकायला सांगितलं. ताडपत्रीत पेटी बिघडेल म्हटल्यावर म्हणाले, "मग बिघडू द्या की."

मी वाऱ्याची नोंद काढून बसले. वारा उगवतीकडून असला की आकडा चढतो, मावळतीकडून असला की उतरतो. नकाशावर दवाखान्यापासून उगवतीला रेघ ओढली. ती स्मशानभूमीवरून गेली (तिथे माणसं रोज एवढी मरत नाहीत), वीटभट्टीवरून गेली (ती यंदा बंद आहे), आणि नंतर आपल्या रानात शिरली. रेघ पुन्हा ओढली. पट्टी बदलून ओढली. काका, पट्ट्या सगळ्या सारख्याच असतात.

म्हणून त्या रविवारी मी न सांगता आले. तुम्हाला वाटलं काकवी खायला आले. तुम्ही काहिलीपाशी होता, काकी झाऱ्याने रसावरची मळी काढत धुरात उभी होती, आणि खाली चुलवणाच्या तोंडाशी जाळ घालणारा हावगेप्पा माझ्या शेडमधली पोती रिकामी करत होता. मी जवळ गेले तेव्हा तो चौकातून उतरवलेला फ्लेक्स आत सारत होता. अध्यक्षांचे जोडलेले हात नुकतेच पेटले होते. मला पाहून तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, तुमचा फोटू न्हाई जाळला बरं का. मालकानं तेवढा कापून घेतलाय." आणि तो खरंच कापलेला होता, कडा नीट दुमडून आतल्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी लावलेला. काकीने त्याला कुंकूही लावलं होतं. जिवंत माणसाच्या फोटोला कुंकू लावू नये, हे तिला कुणी सांगितलं नसावं; किंवा सांगितलं असेल आणि तिने ऐकलं नसेल.

तुम्ही इतके खूश होता. "तुझी शेड रिकामी झाली का न्हाई? मग? तोंड कामून पाडायलीस?" असं विचारलंत. चिपाड वलं हाय, पेटंना, आणि तुझा माल बघ कसा भडाभडा पेटायलाय, असं म्हणून पोत्यावर थाप मारलीत, जशी बैलाच्या पाठीवर मारतात. पोरीला उपकार वाटू नयेत म्हणून टेम्पोवाल्याला नाव सांगायचं नाही, अशी शपथ घातली होतीत, हेही तेव्हाच कळलं. मी काकवी खाल्ली, चांगली झाली आहे म्हटलं, आणि निघाले. तुम्हाला वाटलं मी दमले आहे.

जे बोलायचं होतं ते असं. चिपाडाचा धूर डोळ्यांत जातो. फ्लेक्सचा आणि चपलांचा छातीत जातो आणि तिथल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. तुम्ही पुढे-मागे हिंडता. हावगेप्पा खाली बसतो, वाऱ्याकडे पाठ करून. धुराच्या वाटेत दिवसभर काकी असते, कारण गुळव्याला मळी नीट काढता येत नाही असं तिचं ठाम मत आहे. आई गेल्यापासून बारावीपर्यंत माझी वेणी काकीने घातली. वेणी घालताना ती गल्लीतलं एखादं अख्खं भांडण, दोन्ही बाजूंच्या शिव्यांसकट, एका दमात सांगायची. त्या रविवारी तिने मला एकच भांडण सांगितलं, तेही अर्धं, आणि अर्ध्यात तीनदा चौकटीला धरून उभी राहिली. माझ्याकडे हवा मोजायचं यंत्र आहे. पण त्या दिवशी मी जे मोजलं ते यंत्राशिवाय.

परत येऊन मी मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "बाई, धूर आहे एवढं लिहा ना. कुणाचा आहे हे कशाला लिहायलात? धुराला काय आडनाव असतंय?" मी म्हटलं, या धुराला आहे, आणि ते माझंच आहे. मग त्यांनी समजावलं: गुऱ्हाळाचं नाव लिहिलं की शंभर टक्के खोटे ठरतात, शाल परत जाते, अध्यक्ष चिडतात, माझं कंत्राट संपतं. आणि गुऱ्हाळाने माल घ्यायचं थांबवलं की शेड पुन्हा भरते, उन्हाळ्यात ती आपोआप पेटते (दर उन्हाळ्यात काही ना काही आपोआप पेटतंच), म्हणजे जाळायचं तेवढं जळतंच. त्यांच्या हिशेबात मला चूक सापडली नाही. मी दोनदा तपासला.

तरीही मी नाव लिहिलं. कळवावं म्हणून हे पत्र. सगळ्यांना माझा नमस्कार; म्हशीशी भांडू नका; गुडघ्याला तीळतेल लावा.

तुमची,
रेणुका

ता. क. सोमवारी चनमल्लप्पा शिपाई नोटीस घेऊन येईल. ती कानडीत आहे. मागच्या वेळचा कानडी कागद तुम्ही कुणाची तरी लग्नपत्रिका समजून हळद लावून ठेवला होता, तो विजेच्या थकबाकीचा होता. म्हणून मराठीत सांगते: चिपाडाशिवाय काहीही जाळायचं नाही, नाहीतर गुऱ्हाळाला कुलूप. खाली सही मुख्याधिकाऱ्यांची असली तरी वरचं सगळं मी लिहिलेलं आहे. चनमल्लप्पाला गरम गूळ देऊ नका; तो बसतो आणि दुसऱ्या दिवशी उठतो. आणि माझं कंत्राट संपतंय हे ऐकून कुणाला भेटायला जाऊ नका, काही विकत घेऊ नका. हात जोडून सांगते, आता आणखी मदत करू नका.

ता. क. २. खरं काम राहिलंच. हंगाम संपेपर्यंत काकीला माझ्याकडे पाठवा. माझी खोली गावाच्या मावळतीच्या टोकाला आहे. इथली हवा चांगली नाही. फक्त तिथल्यापेक्षा कमी वाईट आहे, आणि हे मी मोजून सांगते. उदगीरला छातीच्या डॉक्टरकडे नंबर लावला आहे. काकी स्वतःसाठी यायची नाही. "मी गेले तर मळी कोण काढंल" म्हणेल आणि पदर खोचून पुन्हा उभी राहील. तिला दुसऱ्या कुणाच्या तरी दुखण्यासाठीच उठवता येतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ता. क. ३. म्हणून तिला असं सांगा: रेणुका आजारी आहे, धड जेवत नाही, रात्री झोपत नाही, आणि तिच्याजवळ कुणी नाही. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. बोललात तर कान लाल होतात आणि काकीला लगेच कळतं. पण हे सांगताना काळजी करू नका. कान लाल होणार नाहीत.