तीन दिवसांचं खोटं दुखणं

तीर्थरूप आत्या,

लांबूनच पाया पडतो. तुझी तब्येत विचारण्यात अर्थ नाही, तू 'ठणठणीत' एवढंच सांगणार, म्हणून या खेपेला माझीच सांगतो. गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस, आमचे डॉक्टर म्हणतात काही दुखत नाही तर कशाला ती तपासणी, आणि फोन ठेवलास. तेव्हापासून मला चैन नाही. (तशी ती कधीच नसते. शाळेचा बाक मला सातवीच्या पुढे सोसला नाही, हे तुला काय सांगायचं? टाकून आलेलं दप्तर तूच परत आणायचीस.)

मी चालवतो ती गाडी तुला ठाऊक आहेच. मागे बायकांच्या स्तनांच्या कॅन्सरची तपासणी करायचं मशीन (तुला हा शब्द लिहिताना कान तापले बघ), एक नर्सताई, आणि पुढे मी. त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी एका नव्या वस्तीत गाडी लावली. दिवसभर एक बाई फिरकेल तर शपथ. मी कर्णा घेऊन ओरडायला लागलो, तर उघड्या होत्या त्या खिडक्याही बंद झाल्या. नर्सताई म्हणाली, "गप बस बाबा! समोरचे डॉक्टर गरज नाही म्हणतात, आणि इथे त्यांचा शब्द शेवटचा. मला मशीन सोडता येत नाही. जा, त्यांना पटव."

गेलो. नंबर लावून बसलो. दोन्ही बाजूंना चाळिशी ओलांडलेल्या बायका, मधे मी, चोरासारखा. आत डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय, आणि माझ्या तोंडून तो शब्द काही फुटेना. म्हटलं, "पाठ." त्यांनी पाठ ठोकली, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, भुवया वर केल्या आणि उद्या ये म्हणाले. दुसऱ्या दिवशी छाती पुढे काढून गेलो आणि आत जाऊन म्हटलं, "पोट." पुन्हा पट्टा. तिसऱ्या दिवशी गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा ते म्हणाले, "तुझं सगळं घोड्यासारखं आहे. पण रक्तदाब तिन्ही दिवस वर. या वयात! बरं झालं आलास, नाहीतर तुला कळलंही नसतं."

तिथे माझी जीभ सुटली. "डॉक्टर, मला काहीच होत नव्हतं! तरी तुम्ही पट्टा बांधलात म्हणून सापडलं ना? मग बाहेरच्या बायकांना का सांगता, काही होत नाही तर कशाला?"

वाटलं, आता हाकलतात. त्यांनी चष्मा पुसला (स्वच्छच होता), उठून बाहेर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी नको म्हणत होतो, ते चुकलं. त्या गाडीत जाऊन या." एक आजी फणकारली, "मग आधी बोलायचं होतं! आमची कुठे ना होती?" दुपारी रांग कोपऱ्यापर्यंत गेली. त्यांच्याच दवाखान्यातल्या कंपाउंडरबाईंना पुढच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवलंय. काही असलंच तर अगदी लहान आहे म्हणे. डॉक्टर स्वतः त्यांच्यासोबत गेले.

त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. आणि तुझे तर नाहीच. आई गेल्यावर माझ्या एकेका शिंकेला तू मला उचलून डॉक्टरकडे पळायचीस. तेव्हा कुठे विचारत बसलीस, दुखतंय का म्हणून?

तुझा,
एका जागी न टिकणारा भाचा

ता. क. गोळ्या रोज घेतो. मीठही कमी केलंय. (मिठाचं खोटं आहे.)

ता. क. पुन्हा. पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहिलंय: रजा मिळाली, सोमवारी सकाळी पोचतो. तुझ्या डॉक्टरांकडे माझ्या नावाने नंबर लावून ठेव. आजारी मी आहे असं सांग, तू आपली सोबत म्हणून चल. नाही म्हणाले तर मंगळवारी पुन्हा जाऊ, बुधवारीही जाऊ. कान, घसा, दात अजून वापरायचे शिल्लक आहेत.