हार्डली

ता. ११ मे

ति. ताईस,

तुझ्या भिंगरीचा नमस्कार. मी इकडे बरा आहे, वेळेवर जेवतोय, खोकला गेला. तू, दाजी आणि दोन्ही पोरं मजेत असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मजेत नाही आहात हे मला ठाऊक आहे. पत्राला कारण आहे. पण ते आधीच लिहायला घेतलं तर पेन टाकून बाहेर पळेन, म्हणून पहिल्यांदा इकडचं सांगतो.

फोन का नाही केलास म्हणशील. केला की! तीनदा केला. तिन्ही वेळा "पोरं बरी आहेत ना?" एवढं विचारून ठेवून दिला. कागदाचं बरं असतं, तो मधेच "बोल ना रे, गप्प का झालास?" म्हणत नाही.

थेटरात मधल्या पडद्यासमोरच्या खुर्च्या बदलल्या. जुन्या उचकटल्या तर खाली एक कवळी सापडली. अख्खी, वरच्या दातांची. तिकीटखिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "पिक्चर एवढा वाईट होता की दातच उठून गेले." आठवडा झाला, मागायला कोणी आलं नाही.

मला वरची जागा मिळाली, हे तुला मागे सांगितलंच होतं. बॅटरी मारत लोकांना खुर्च्या दाखवायचं काम सुटलं, आता पिक्चर दाखवायच्या मशीनच्या खोलीत असतो. तू म्हणालीस, "निदान तुझं तरी बरं झालं." कुठली मशीनची खोली ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. इथे मशीनची खोली एकच आहे, ताई. दाजींची.

त्यांच्याच स्टुलावर बसतो. स्टुलाला त्यांनी बांधलेलं फडकं अजून तसंच आहे. मशीनच्या पंख्याचा आवाज जरा घोगरा झाला की ते म्हणायचे, "जाळी तुंबली," आणि उघडली की तुंबलेलीच निघायची. मला आवाजातलं काही कळत नाही. मी आपली रोज उघडून बघतो.

आता माझ्या इंग्रजीचं ऐक, म्हणजे पुढचं कळेल.

सातवीपुढे मी टिकलो नाही. एका जागी बसवलं की माझ्या ढुंगणाला मुंग्या यायच्या, तूच मार खाण्यापासून वाचवायचीस. माझं इंग्रजी सगळं थेटराच्या दारात उभं राहून शिकलेलं. पिक्चर सुटला की माणसं बोलत बोलत बाहेर पडतात. साधं 'चांगला होता' कोणी म्हणत नाही. रिअली गुड, टोटली बोअर. एक म्हातारा तर म्हणाला, "टेरिब्ली गुड." टेरिबल म्हणजे भयंकर, एवढं मला येत होतं. म्हणजे आपण 'भयंकर आवडला' म्हणतो, तसंच की! मला वाटलं, किल्लीच हाताला लागली. शब्दाच्या शेपटाला 'ली' लावायची, की शब्दाला जोर चढतो.

मग काय, मी सुटलोच. कोणी विचारलं पिक्चर कसा आहे, की मी म्हणायचो, "सॅडली, सर. टेरिब्ली सॅडली." लोक हसायचे. मला वाटायचं खूष झाले. दाजी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमचा मेव्हणा इंग्रजी फाडतो." त्यांनी स्वतः अकरा वर्षं 'येस' आणि 'थँक्यू' या दोन शब्दांवर काढली.

फेब्रुवारीत नवीन मॅनेजरबाई आल्या. त्यांना आपली भाषा येत नाही. एक माणूस कमी करायचाय अशी कुजबुज होती आणि बाई एकेकाला केबिनमध्ये बोलवत होत्या. दाजी मला म्हणाले, "तू चल रे सोबत. मधे तूच बोल, माझी जीभ टाळ्याला चिकटते."

मी केस विंचरून गेलो, ताई. आरशात बघून, पाणी लावून.

बाईंनी मला विचारलं, हा माणूस कामाला कसा आहे? हार्ड वर्क म्हणजे मेहनत, हे मला माहीत होतं. पण दाजींच्या मेहनतीला नुसतं 'हार्ड' फारच तोकडं वाटलं. मी 'ली' लावली. छातीवर हात ठेवून म्हणालो, "मॅडम, ही हार्डली वर्क्स."

बाईंनी झटकन वर बघितलं. मला वाटलं, बसला नेम. म्हणून आणखी जोरात म्हणालो, "इलेव्हन इयर्स, मॅडम. ही हार्डली वर्क्स!"

त्या दाजींकडे बघत राहिल्या. दाजी हसून मान डोलवत होते. "येस, येस," म्हणाले. "थँक्यू."

बाईंनी मला परत विचारलं, "आर यू शुअर?"

मी म्हणालो, "टोटली."

बाहेर आल्यावर दाजींनी विचारलं, "काय सांगितलंस रे एवढं? बाई बघतच राहिल्या."

"तुमचं कौतुक केलं, दुसरं काय सांगणार?"

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि चहा पाजला. आठ दिवसांनी त्यांच्या हातात कामावरून काढल्याचा तो कागद पडला आणि ते तिकडे तुझ्याकडे परतले.

हार्डली म्हणजे काय, ते लिहितो. हार्डली म्हणजे जेमतेम. केलं न केल्यासारखं. मी बाईंना सांगितलं की हा माणूस अकरा वर्षं काम असं करतच नाही. आणि तो माणूस माझ्या शेजारी उभा राहून हो म्हणत होता, कारण मी त्याच्या घरचा होतो.

तेव्हा मला अर्थ ठाऊक नव्हता. पत्र इथेच संपवलं असतं तर तू मला माफ केलं असतंस. पण मला कळून आज सात आठवडे झाले.

एक पिक्चर मला फार आवडला होता. खिडकीवरच्या बाईंना म्हणालो, "आय हार्डली लाइक्ड इट! यू मस्ट सी."

त्या म्हणाल्या, "तुला धड आवडला नाही, तर मी कशाला बघू?"

"आवडला की! हार्डली आवडला!"

त्या हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. मग डोळे पुसत त्यांनी नीट समजावलं, की प्रत्येक 'ली' जोर चढवत नाही, ही तर होता तो जोर काढून घेते. त्या हसत होत्या आणि माझ्या कानात दाजींचं 'येस, येस' वाजत होतं.

त्याच दिवशी केबिनमध्ये जायला हवं होतं. नाही गेलो. आधी स्वतःला सांगितलं, दाजी हुशार आहेत, त्यांना कुठेही काम मिळेल. मग सांगितलं, आता बोलून काय उपयोग. खरं असं आहे की मशीनच्या खोलीत गार वाटतं, आणि लोक मला आता 'ए बॅटरी' म्हणत नाहीत, 'ऑपरेटर' म्हणतात. मला ते आवडायला लागलं होतं. हे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

परवा तूच फोन करून सांगितलंस, की कोणीतरी तो कागद वाचून दाखवला, त्यात कामात कसूर लिहिलंय. आणि धाकट्याने दाजींना विचारलं, "बाबा, तुम्ही आळशी आहात?" आणि दाजी म्हणाले, "असेन रे. लोकांना दिसत असेल, मला कळत नसेल."

ते ऐकलं आणि काल मी केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "माय मिस्टेक. ही वर्क्स हार्ड." बाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. माझं वाक्य होतं, जसंच्या तसं, खाली लिहिलं होतं की हे त्याच्या नातेवाइकानेच सांगितलं. मला कधी कळलं तेही सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, सात आठवडे काय करत होतास?

हे पत्र दाजींना समोर बसवून मोठ्याने वाच. तो 'टोटली' पण वाच. मला माहीत आहे तू माझ्यासाठी गाळशील; गाळू नकोस.

दाजी, आता तुमच्याशी बोलतो. बाई तो शेरा खोडतायत आणि तुम्हाला परत घ्या असं वरती लिहितायत. वरचे ऐकतील का, हे त्या सांगू शकत नाहीत. तुम्हाला यायचंय का, ते त्यांना तुमच्याकडून हवंय, आणि आधी तुम्हाला सगळं खरं कळलेलं हवंय. मी त्यांना सांगून टाकलंय की तुम्ही आलात तर मी परत दारावर. मी दारावरही नको असेन तर तेवढं एका ओळीत कळवा, मी हे गाव सोडेन.

तुमच्या कामात कसूर नव्हती. धाकट्याला जवळ घेऊन एवढं सांगा. मी सांगतोय म्हणून नाही, खरं आहे म्हणून.

पाया पडतो असं नुसतं लिहीत नाही. समोर येईन तेव्हा पडेन, आणि तुम्ही पाय मागे घेतलेत तरी तिथेच उभा राहीन.

भिंगरी