परतीच्या खुणा

६ मे १९९६

पोचले एकदाची! आणि काय सांगू, जीव हरखून गेला. खाली ओढा, ओढ्याकाठी माझं दोन खोल्यांचं लाकडी घर, मागे बीच नावाच्या झाडांचं जंगल आणि त्याच्या डोक्यावर वाळूच्या खडकाचे उंचच उंच सुळके. ब्रनो शहरात पंचवीस वर्षं ट्राम चालवली. रूळ नेतील तिकडे जायचं, घंटा बडवायची, शिव्या खायच्या. आता निवृत्त झाले आणि आमच्या फिरणाऱ्यांच्या मंडळाने या खोऱ्यातली हिरव्या खुणांची पायवाट, म्हणजे हिरवी वाट, माझ्या ताब्यात दिली. पगार नाही, पण रंगाचे डबे फुकट. आमच्या लोकांचा नकाशावर विश्वास नसतो, नवऱ्यावर तर नसतोच, पण झाडावरच्या खुणेमागे ते डोळे मिटून जातात. ती खूण आता ही ड्राहोमिराबाई रंगवणार!

गावात एकच खानावळ, मालकीण बोझेनाबाई. आवाज असा की बटाट्याच्या सुपाची वाटीसुद्धा हलते. मी ट्राम चालवायचे हे कळल्यावर म्हणाली, इथे घंटा वाजवून झाडं बाजूला होत नाहीत हं बाई. मी म्हटलं, प्रवासीही कुठे व्हायचे! तिने हसत हसत एक बिअर फुकट पाजली.

९ मे

स्टेशनपासून घरापर्यंतच्या खुणा करून टाकल्या. आधी खरवडणीने शेवाळ काढायचं, मग पांढरा पट्टा, खाली हिरवा, खाली पुन्हा पांढरा. जाताना झाडाची जी बाजू समोर येते ती रंगवायची, आणि परत फिरल्यावर दुसरी, म्हणजे येणाऱ्यालाही दिसते आणि जाणाऱ्यालाही. परतीच्या खुणा होईपर्यंत आमच्यात कुणी काम झालं म्हणत नाही. माझ्या पट्ट्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या येतात. उगाच बढाई नाही, राद्काला विचारा.

राद्का म्हणजे माझी एकुलती एक. पंचविसाव्या तारखेला, शनिवारी येणार आहे. खानावळीतून फोन केला आणि सांगितलं, स्टेशनवर उतर आणि हिरवी वाट धर, कुणाला काही विचारू नकोस, शेवटच्या झाडापर्यंत आईचा रंग आहे. लहानपणी ती आमच्या पुढे पळायची आणि प्रत्येक खुणेला तळहात लावायची. सायकलवरून पडली तेव्हापासून डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, पण लावायची तोच हात. रंग ओला असला की हात हिरवा, मग फ्रॉक हिरवा, मग माझी ओरड. आता तीस वर्षांची घोडी झाली तरी खोड गेलेली नाही.

ओढ्यावरच्या लाकडी पुलापाशी वाट उजवीकडे माझ्या घराकडे वळते. डावीकडे बहिरी घळ. तिच्यात कितीही ओरडलं तरी बाहेर ऐकू येत नाही म्हणे. तिथली वाट दरड कोसळली तेव्हाच बंद झाली.

१४ मे

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते माझ्यासाठीच. घळीच्या तोंडाशी एका बीचवर जुनी हिरवी खूण दिसली, अर्धा रंग पोपडे धरून गळालेला. बंद वाटेची खूण, खरं तर खरवडून काढायची. पण हातात ब्रश, डब्यात रंग आणि समोर असली भिकार खूण! राहवलं नाही. तीन फटके मारले आणि केली नवीकोरी. म्हटलं, काढायची तेव्हा काढू.

जेवताना बोझेनाबाईला सहज सांगितलं, तर तिने हातातली पळी खाली ठेवली. म्हणाली, तुझ्याआधी ही वाट रंगवणाऱ्या उर्बानबाबांनीही हेच केलं. एक खूण ताजी केली, मग आत आणखी दिसली, मग आणखी. डबा घेऊन आत गेले ते गेलेच. शोधणारे घळीत उतरले तर झाडांवर त्यांच्या खुणा होत्या, पण एकाच बाजूला, आत जाणाऱ्याला दिसतील अशा. परतीची एकही नाही. मी म्हटलं, म्हातारा दरडीखाली गेला असेल. ती म्हणाली, असेल, तू मात्र ती खूण उद्याच काढ. मग न मागताच दोन वेळा माझ्या ताटात डम्पलिंग, पिठाचे उकडलेले गोळे, वाढले.

१७ मे

खूण काढायला गेले. पहिलीच्या पुढच्या झाडावर दुसरी होती. ताजी. रंग बोटाला लागला. मी केलेली नाही. मागे जाऊन पाहिलं, परतीच्या बाजूला काही नाही. पोरंटोरं चावटपणा करत असतील. दोन्ही खरवडून काढल्या, पार सालीपर्यंत. आणि हे लिहून ठेवते: कडा सुरेख होत्या. माझ्यासारख्या.

२० मे

खरवडलेल्या जागी पुन्हा खुणा. आणि आता त्या घळीतून बाहेर येऊ लागल्यात. पुलाच्या अलीकडच्या भुर्जाच्या झाडावर एक आहे. दिवसभर खरवडत होते, हाताला फोड आले. घरी पोचते तर कुंपणाच्या खांबावर एक, बाण घळीकडे. डबा घरात, झाकण घट्ट, पण रंग निम्माच उरलाय.

मंडळाच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, बाई, नव्या जागी पहिले काही दिवस सगळ्यांनाच असं होतं, थोडी विश्रांती घ्या. आवाजात हसू होतं मेल्याच्या.

२३ मे

भुर्जावरच्या खुणेत आज तळहात उमटलाय. डावा. करंगळी वाकडी.

धावत खानावळीत गेले, ब्रनोला फोन लावला. राद्का घरीच होती, भांडी घासत होती. जिवात जीव आला. तिला म्हटलं येऊ नकोस. का, म्हणाली. काय सांगणार? झाडावर तुझा हात आहे म्हणून? तिला वाटलं मी एकटी राहून भ्रमिष्ट झाले, उलट आता यायलाच हवं म्हणाली. शेवटी बजावलं, निदान स्टेशनवर थांब, मी न्यायला येते, आणि कुठल्याही खुणेला हात लावू नकोस. ती हसली, म्हणाली, आई, तुझ्या रंगामागे चालून मी कधी चुकलेय का?

बोझेनाबाईने सगळं ऐकलं. शनिवारी मीही येते, म्हणाली. माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

२५ मे, स्टेशनवर

पहाटेपासून इथे बसलेय. बोझेनाबाईला पुलावर उभं केलंय, कुणाला डावीकडे जाऊ द्यायचं नाही म्हणून. दुपारची गाडी आली. राद्का नाही. स्टेशनमास्तरला विचारलं. तो म्हणाला, सकाळच्या मालगाडीच्या मागून लाल पिशवीवाली एक बाई रुळांकडून आली आणि हिरव्या वाटेने गेली, प्रत्येक झाडाला हात लावत. मी इथेच होते. मी पाहिली नाही. राद्काची पिशवी लाल आहे.

पुलावर

बोझेनाबाई म्हणते कुणीच गेलं नाही. पण पहिल्या बीचवरच्या खुणेत तळहात आहे, ओला, करंगळी वाकडी. ती रडत म्हणाली, जाऊ नकोस. तुझी पोर असती तर, म्हटलं. तिला स्टेशनवर पाठवलं, कुणाला तरी घेऊन ये. डबा घेतलाय, ब्रश घेतलाय. उर्बानबाबांची चूक करणार नाही. आत जाता जाता प्रत्येक झाडाच्या मागच्या बाजूला परतीची खूण करत जाणार. राद्काचा हात धरून त्याच खुणांनी बाहेर येणार.

घळीत

प्रत्येक खुणेत तिचा हात. हाका मारतेय. खडकांना आपटून आवाज तिथेच पडतो. माझ्या परतीच्या खुणा चांगल्या आल्यात. कडा साफ.

पुढे

डबा संपत आला म्हणून मागे फिरले. माझ्याच खुणांमागे चालले — एक, मग दुसरी, मग तिसरी — आणि तिसरीत तळहात. मी रंगवली तेव्हा नव्हता. वाट खाली उतरतेय. येताना चढ नव्हता. बाहेर जाताना उतार कसा —

पुन्हा फिरले. पुन्हा खालीच. दोन्हीकडच्या खुणा आतच नेतात. माझ्याही.

आवाज

राद्काचा! पण मागून, वरून, पुलाकडून. बोझेनाबाईशी बोलतेय. स्पष्ट ऐकू येतंय, जणू शेजारी आहे. तिची गाडी चुकली होती म्हणे, पुढच्या गाडीने आली, स्टेशनवर बोझेनाबाई भेटली. आत्ता आली. आत्ता! ती आत नव्हतीच. मग इतका वेळ मी कुणाच्या मागे —

बोझेनाबाई तिला अडवतेय. राद्का म्हणते, अहो घाबरता काय, हे बघा, झाडामागे परतीच्या खुणा आहेत, आईच्याच आहेत, तिच्या कडा मी कुठेही ओळखीन. परतीच्या खुणा असताना कसली भीती.

मी केल्या. मीच केल्या त्या.

ओरडले. घसा फुटेपर्यंत. तिला ऐकू जात नाही. मला मात्र सगळं —

जवळच्या खुणा खरवडतेय. खरवडलं की पुन्हा ओली. नखांनी — पुन्हा ओली —

ती आत आली. हाक मारतेय, आई, ए आई. आवाजात हसू आहे. आणि मधे मधे तो आवाज, ओल्या रंगावर तळहात पडल्याचा. एक झाड. मग पुढचं झाड. इथे माझ्यासमोरच्या खुणेत हात आधीच उमटलाय, अजून ती पोचलीही नाही तरी —

राद्का हात लावू नकोस. बाळा मागे फीर. हात ला