सोप्यातला कॅमेरा

।। श्री ।।
मलकापूर, ९ फेब्रुवारी २००७

चि. अमरेश यास शिवलीलाअक्काचे आशीर्वाद, वि. वि.

खुशाली विचारायच्या मनःस्थितीत मी नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

मंगळवारी सकाळी सव्वाआठाला आई शिवाजी पेठेतल्या घरी सोप्यात, पुढच्या खोलीत पडली, खुबा मोडला. दीड तास ती फरशीवर होती, तुझ्या त्या कॅमेऱ्याच्या अगदी समोर. शेवटी गॅसवाल्यानं हाक ऐकली. बेंगलोरात बसून घर दिसावं म्हणून दिवाळीत घरभर वायरी ओढल्यास, भिंतीला भोकं पाडलीस, सगळ्या गल्लीत मिरवलंस. मग त्या दीड तासात काय बघत होतास रे? माती?

शेजारची बनाबाई वीस वर्षं रोज आठाला आईकडं चहाला यायची. दिवाळीपासून तिनं आत पाऊल टाकलं नाही. काल जाऊन विचारलं तर ती उसळलीच. म्हणाली, माझ्यावर नजर ठेवायला वर डबी बसवलीया, मी काय चोर हाय व्हय? आणि आता तू म्हणतोस, आईला बेंगलोरला नेतो! आई म्हणते, मरंन पण पेठ सोडणार न्हाय. तिला हलवायचं नाव काढलंस तर माझ्याशी गाठ आहे.

रागावलेली तरी तुझीच,
अक्का


बेंगलोर, १४ फेब्रुवारी २००७

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकंच फिरलं. सव्वाआठाला मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. चोवीस तास कोण कॉम्प्युटरसमोर बसतं? आणि तू एवढी जवळ राहून महिन्यातून एकदा येतेस, ते? बनाबाईवर नजर ठेवायला कुणाला वेळ आहे? आईच्या काळजीनंच केलं ना सगळं?

एवढं लिहून तुला खोटं पाडायला दिवाळीनंतरची साठवलेली चित्रं काढली. रोज आठाला बनाबाई उंबऱ्याशी येते. वर कॅमेऱ्याकडं बघते, पदर सावरते, मागं फिरते. आत कप मांडून आई बसलेली. अशी अठरा दिवस आली. मग यायची थांबली. आई त्यानंतरही दोन कप मांडत होती.

अक्का, हे मी तेव्हाही पाहिलं होतं गं. बायकोला हाक मारून दाखवलं होतं, बघ, चेहरा किती स्वच्छ येतोय.

शनिवारी पेठेत येतोय. कॅमेरा उतरवतो, पण आधी बनाबाईच्या दारात जातो. तिनं शिव्या घातल्या तर ऐकून घेईन. आईला न्यायचं परत बोलणार नाही.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही. तरी असू दे.

तुझा,
अमरेश