अबोल्यातलं इंग्रजी

॥ श्री ॥

चाकण, ता. ३ जुलै १९५७

ती. स्व. अर्जुनदादांस, रंगरावाचा सा. न. वि. वि.

तुमच्या-माझ्या घरांत एकच भिंत असताना हे पत्र टपालातून येतंय याचं नवल वाटून घेऊ नका. सामाईक विहिरीवरच्या मोटेच्या पाळीवरून आपलं बोलणं तुटलं ते तुटलं. ते जोडायची मला हौस नाही. हे पत्र धाकट्या भावाचं समजू नका, आठवीच्या इंग्रजीच्या मास्तराचं समजा.

तुमची सगुणा माझ्या तासाला तोंड उघडत नाही. नाव विचारलं तरी मान खाली. गणिताच्या मास्तरांपुढे घडाघडा बोलते म्हणे. शेवटी तिच्या बाकावरच्या दुर्गेनं सांगितलं की काकाच्या घराशी बोलायचं नाही अशी तिला घरून ताकीद आहे. तिचं पाहून भावकीतली बाकीची पोरंही गप्प बसतात. रोज मीच विचारतो आणि मीच उत्तर देतो. इंग्रजी नुसतं ऐकून येत नाही, जीभ वळवावी लागते. अबोला घरात खुशाल पाळा, वर्गात मी कुणाचा काका नाही.

वहिनींस नमस्कार. लोभ असावा असं लिहिणं खोटं ठरेल, म्हणून एवढंच कळावे.

रंगराव

॥ श्री ॥

चाकण, ता. ६ जुलै १९५७

चि. रंगराव यास अर्जुनरावाचे आशीर्वाद. थोरला म्हणून द्यावे लागतात, तेवढ्यापुरतेच घे.

तुझं पत्र देताना सोनबा पोस्टमन गालात हसत होता. आता चावडीवर आमचीच चर्चा. तुला शहाणपण सुचलं की ते माझ्याच दारात आणून टाकायची तुझी जुनी खोड आहे.

गेल्या सालच्या फाल्गुनात माझा कांदा पोसायला लागला होता तेव्हा एक दिवस तुझी पाळी सोड म्हणून मी तुझ्या उंबऱ्यात उभा राहिलो. नियम म्हणजे नियम, असं तू म्हणालास. कांदा करपला. आता माझ्या घरचाही नियम म्हणजे नियम. सगुणा बापाचा शब्द पाळते याचा मला अभिमान आहे. तिला कान आहेत, ऐकून शिकेल. उगाच तिला छळलंस तर शाळेतून काढीन. कडूसचं स्थळ सांगून आलंच आहे.

आहे तेवढा दुरावा ठेवावा. वाढवू नये.

अर्जुनराव

॥ श्री ॥

चाकण, ता. २२ ऑगस्ट १९५७

ती. स्व. दादांस सा. न. वि. वि.

दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच कळवतो. आई-बाबांचं बिनसलं की आई काय करायची ते आठवतं का? गोठ्याकडे तोंड करून गाईला सांगायची की पान वाढलंय, भाकरी गार होतेय. बाबा मुकाट्यानं पानावर येऊन बसायचे. अबोला मोडत नसे आणि कुणी उपाशीही राहत नसे.

तसंच मी वर्गात सुरू केलंय. सगुणेला मी काहीच विचारत नाही. फळ्याला विचारतो की बाबा रे, आज सगुणेच्या घरी काय शिजलं? ती माझ्याकडे न बघता दुर्गेला उत्तर देते, इंग्रजीत. तुमचा शब्द शाबूत आहे, तपासून पाहा.

पुढचं मात्र माझ्याही ध्यानीमनी नव्हतं. बाकीची पोरंही बोलू लागली. मास्तर समोर आला की घामाघूम होणारा भैरू आता खिडकीला आपल्या बैलांची हकिकत सांगतो. चुकलं तरी खिडकी काही हसत नाही, म्हणून पोरांची भीड गेली. तुम्हाला राग येईल हे जाणून लिहितोय, आणि थोडं त्यासाठीच लिहितोय.

राग आहे तसाच असू द्यावा.

रंगराव

॥ श्री ॥

चाकण, ता. १० सप्टेंबर १९५७

चि. रंगराव यास आशीर्वाद.

आज सगुणेचं नाव काढायला शाळेत आलो होतो. माझ्या अबोल्याची तू वर्गात शोभा केलीस, ते मी खपवून घेणार नव्हतो.

तुझ्या वर्गाच्या व्हरांड्यात थांबलो. सगुणा फळ्याकडे तोंड करून उभी होती आणि इंग्रजीत बोलत होती. अडखळत होती, पण थांबत नव्हती. तू पोरांकडे पाठ करून फळा पुसायला लागलास, तो कोराच होता. मला तिच्या बोलण्यातलं अक्षर कळलं नाही. हेडमास्तरांना न भेटताच परत आलो.

घरी विचारलं तर सांगत नाही. तिच्या आईनं विचारलं, तरी नाही. जे सांगायचं ते फळ्याला सांगितलं, म्हणते. गावात दुसऱ्या कुणाला विचारावं तर घरचं चव्हाट्यावर येईल. तुला विचारावं लागतंय याची मला लाज वाटते. ती काय बोलली ते खरं लिही. माझ्याविरुद्ध काही पढवलं असशील तर याद राख.

अर्जुनराव

॥ श्री ॥

चाकण, ता. १२ सप्टेंबर १९५७

ती. स्व. दादांस नमस्कार.

पढवलेलं नाही. गेल्या वर्षातलं काय आठवतं, असं मी फळ्याला विचारलं होतं. कुणी जत्रा सांगितली, कुणी वासरू. सगुणा बोलली ते मराठीत असं:

‘गेल्या वर्षी माझी काकू वारली. भिंतीतून रडणं ऐकू येत होतं. मी दाराकडे गेले. वडिलांनी कडी लावली. काकू माझी वेणी घालायची. मला तिला बघायचं होतं.’

दोन ठिकाणी चुकली. मी सुधारलं नाही.

माझ्या गवराला खांदा द्यायला सारं गाव आलं. माझा सख्खा भाऊ आला नाही. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोरीचं नाव काढायचं तर काढा, दाखला हेडमास्तर देतील.

रंगराव

॥ श्री ॥

चाकण, ता. १४ सप्टेंबर १९५७

चि. रंगराव यास आशीर्वाद.

कडूसकरांना नकार कळवला. सगुणा सोमवारी शाळेत येईल. यापुढे तिला थेट विचार. मास्तरांच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचं, असं मी तिला सांगितलंय.

तू पाळी सोडली नव्हतीस, हे मीही विसरणार नाही. आपलं बोलणं बंदच राहील.

पितृपक्षातल्या अविधवा नवमीला तुझ्या घरी गवराबाईचं पान वाढलं जाईल. सगुणा जेवायला येईल. मी येणार नाही. कडीही लावणार नाही.

अर्जुनराव