ट्यूबमागचं बिऱ्हाड

प्रिय चिकट्या,

रोज फोन होतो तरी पत्र कशाला, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन वाजला की आई मला खेटून बसते आणि कान टवकारते. तिच्यासमोर सांगायची सोय नाही. हल्ली मी फोन तिच्या हातात देत नाही म्हणून तू चिडतोस, आणि माझा कॅमेरा बिघडलाय यावर तुझा विश्वास नाही, हेही मला कळतं. कॅमेरा ठणठणीत आहे. आत्ता ती खुर्चीत पेंगतेय, म्हणून शिवणयंत्रावरच कागद ठेवून लिहायला बसलेय. शाळेच्या गणवेशांचा ढीग तसाच पडलाय. खिडकीच्या कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं ते अजून आहे, माशी तेवढी नाही.

आईच्या उशीवरून झुरळ फिरायला निघालेलं तू फोनवर पाहिलंस आणि तुझा जीव वरखाली झाला. साहजिकच आहे. तुझ्याकडे थंडीत माशीसुद्धा दिसत नाही म्हणतोस. इथे मात्र आपण कायमचे पोटभाडेकरू. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत उभा, दाराच्या चौकटीत वाळवी, मोरीत गोगलगाय, आणि मी पांढरा सदरा शिवायला घेतला की त्याच्यावर पहिला हक्क कुठल्यातरी किड्याचा. लहानपणी तूही त्यांच्यातलाच होतास. जेवायची वेळ झाली की खिडकीच्या गजांना चिकटून पार वरपर्यंत चढायचास, आणि आई खालून हात उंच करून तुला घास भरवायची. सगळा भात तिच्याच डोक्यावर सांडायचा. तिनेच तुझं नाव चिकट्या ठेवलं.

गेल्या वर्षापासून तिचं सगळं विस्कटत चाललंय हे तुला माहीत आहे. एक गोष्ट मात्र तुला सांगितली नव्हती. ट्यूबलाइटच्या मागे एक पाल राहायची. आई तिला चिकट्या म्हणायला लागली. आधी मला हसू आलं, मग सवय झाली. संध्याकाळ झाली की ती मला दिवा लावायला लावायची. पाखरं जमायची, पाल बाहेर यायची, एखादं पाखरू मटकावायची. मग आई समाधानाने म्हणायची की झालं याचं जेवण, आणि स्वतः ताटावर बसायची. तोवर अन्नाला शिवायची नाही. डॉक्टर म्हणाले, जेवते आहे ना, मग राहू द्या. पाखरं आली नाहीत तर मी खिडकी सताड उघडायचे. सदऱ्यांवर डाग पडायचे, आणि शाळेच्या बाई माझी खरडपट्टी काढायच्या. पण खरं सांगू, त्या दिवसांत घरात तिघं जेवतोय असं मलाही वाटायला लागलं होतं.

मग तू पाठवलेली फवारणीची माणसं आली. तोंडाला फडकी, पाठीवर टाक्या. त्यांनी आम्हाला दिवसभर खालच्या शेजारणीकडे बसवलं. ट्यूबच्या मागे मारू नका म्हणून मी दहादा बजावलं होतं, आणि त्यांनी तिथे मारलंही नसावं. पण विष लागलेली पाखरं पालीने खाल्ली असणार. काही दिवसांनी ती टेबलाखाली उताणी पडलेली दिसली. माझ्याआधी आईलाच दिसली. ती खाली फरशीवर बसली आणि असा हंबरडा फोडला की सगळे शेजारी गोळा झाले. सारखी म्हणत होती, बाहेरचं काहीबाही खाल्लं असेल, त्याला कुणी सांगितलं कसं नाही. मी खालच्या जिन्यातून दुसरी पाल पकडून बिस्किटाच्या डब्यात घालून आणली. पालीला हात लावायची कल्पनासुद्धा मला सहन होत नाही, तुला ठाऊक आहे. आईने ती नीट निरखली आणि म्हणाली, हे दुसऱ्या कुणाचं तरी पोर आहे, याची आई वाट बघत असेल, घरी सोडून ये. मी सोडून आले.

आता घर लख्ख आहे. दिवा लावला तरी त्याच्याभोवती काही फिरत नाही. आई दोन घास घेते आणि तोंड मिटते. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, आता फक्त जवळ बसा. तुझ्यावर मी रागावले होते, फार रागावले होते. आता नाही. तू आईच्या काळजीनेच केलंस, आणि हेच मला जास्त छळतं.

तू तिकीट काढलंयस, तिला भेटायला येतोयस, म्हणून हे सगळं तू निघायच्या आत तुझ्या हाती पडायला हवं. तिच्या लेखी तिचा चिकट्या गेला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतःच सांगते. मागच्या आठवड्यात मी तुझा फोटो दाखवून म्हटलं, बघ, छान आहे की तो. ती गेलेल्या लेकराची थट्टा करतेस म्हणून मला ओरडली, आणि दिवसभर पाण्याचा थेंबही घेतला नाही. तेव्हा दारात उभा राहून आई म्हणून हाक मारू नकोस. चिकट्याबरोबर कामाला होतो, असं सांग. ती तुला बसवेल, तुझ्याकडे बराच वेळ बघत राहील, आणि मग विचारेल की तो तिकडे नीट जेवायचा का. हो म्हण. पोटभर जेवायचा म्हण. ते ऐकून ती घासभर खाईल असं मला मुळीच वाटत नाही. तरी म्हण.

दारात तुला परक्यासारखं या, बसा म्हणणारी,
तुझीच,
ताई